सोन्यावर चांदीचा मुलामा, पण नॅनोमीटरमध्ये: कोअर-शेल कण जाडी मोजून कसे बनवायचे

एमएस्सीच्या प्रोजेक्टला नाहीतर पीएचडीच्या पहिल्या वर्षी बायमेटॅलिक म्हणजे दोन धातूंच्या, एकाचा गाभा आणि त्यावर दुसऱ्याचं कवच असलेल्या कोअर-शेल कणांचा विषय घेतलेली मुलं माझ्याकडे आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम, सिल्व्हर नायट्रेट किती घालू? मी उलट विचारते, कशासाठी घालतोयस? कारण कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक म्हणून वापरायचे असतील तर कवच टिकायला हवं, आणि रंग बदलणारा सेन्सर करायचा असेल तर बऱ्याचदा तेच कवच विरघळायला हवं, म्हणजे एकाच रेसिपीचे कण दोन्हीकडे चांगले चालतील ही अपेक्षाच चुकीची आहे. तरी सगळे ५० मायक्रोलिटर, १०० मायक्रोलिटर, २०० मायक्रोलिटर असं अंदाजाने घालत जातात आणि जे बरं निघेल त्याला सिनर्जी, म्हणजे दोन धातूंचा एकत्रित परिणाम, म्हणतात. मला ते मनापासून खटकतं. जाडी आधी कागदावर काढता येते, आणि त्याला दहावीचं गणित पुरतं.

इथे मी सोन्याचा गाभा आणि त्यावर चांदीचं कवच हीच जोडी घेते, कारण शिकायला यासारखी सोपी जोडी नाही. सोन्याच्या स्फटिकातल्या अणूंच्या जाळीची बाजू ४.०७८ अँगस्ट्रॉम, चांदीची ४.०८६, फरक फक्त ०.२ टक्के, त्यामुळे चांदी सोन्यावर अगदी सहज बसते, थरावर थर. दुसरी सोय म्हणजे दोघांचं मोलर व्हॉल्यूम, म्हणजे एका मोलचं घनफळ, जवळजवळ सारखंच आहे, सोन्याचं १०.२१ आणि चांदीचं १०.२७ घन सेंटीमीटर. म्हणजे मोलचं गुणोत्तर हेच घनफळाचं गुणोत्तर धरलं तरी चालतं. पूर्ण कणाचा व्यास भागिले गाभ्याचा व्यास, त्याचा घन करा, त्यातून १ वजा करा, झालं, सोन्याच्या एका मोलमागे चांदीचे किती मोल लागतील ते मिळालं.

गाभा १५ नॅनोमीटरचा आहे आणि कवच २ नॅनोमीटरचं हवंय असं धरा. व्यास दोन्ही बाजूंनी वाढतो हे विसरू नका, म्हणजे पूर्ण कण १९ नॅनोमीटरचा. १९ भागिले १५ म्हणजे १.२६७, त्याचा घन २.०३, १ वजा केला की १.०३. म्हणजे जेवढं सोनं साधारण तेवढीच चांदी. १ नॅनोमीटर कवचाला हेच गुणोत्तर ०.४६ येतं, ३ ला १.७४ आणि ५ ला थेट ३.६३. बघा, जाडी पाचपट झाली पण चांदी आठपट लागली, म्हणून अंदाजाने दुप्पट-तिप्पट घालत गेलं की जाडीचा हिशोब हाताबाहेर जातो. तुमच्याकडे ०.२५ मिलिमोलर सोन्याचं १० मिली सोल्युशन असेल तर त्यात २.५ मायक्रोमोल सोनं आहे, त्यावर १ नॅनोमीटरला १० मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट ११४ मायक्रोलिटर, २ ला २५८, ३ ला ४३६, ५ ला ९०७. हा आकड्यांचा कागद स्टररच्या वर चिकटवून ठेवा.

आता गाभा. टर्केविचची १९५१ ची सायट्रेट पद्धत, जी फ्रेन्सने १९७३ मध्ये आकार बदलण्यासाठी वापरली, तीच घ्या, उगाच नवीन शोधत बसू नका. ०.२५ मिलिमोलर क्लोरोऑरिक ॲसिड १०० मिली, चांगलं उकळू द्या, वर कंडेन्सर लावा, आणि मग १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट ३ मिली एकदम ओता, थेंब थेंब नाही. पिवळं सोल्युशन आधी रंगहीन होतं, मग काळसर निळं, मग जांभळं आणि शेवटी द्राक्षासवासारखं लाल. अजून १५ मिनिटं उकळू द्या आणि ढवळतच थंड करा. १५ नॅनोमीटरच्या आसपासचे कण मिळतात, यूव्ही-व्हिसमध्ये, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते दाखवणाऱ्या यंत्रात, पीक ५२० नॅनोमीटरला. सायट्रेट कमी घातलं की कण मोठे होतात. सोनं खरंच किती आहे ते तपासायला एक सोपा हिशोब आहे, ४०० नॅनोमीटरला १ सेंटीमीटर क्युव्हेटमध्ये (मोजायच्या पारदर्शक चौकोनी नळीत) ॲब्सॉर्बन्स (प्रकाशाचं शोषण) १.२ आला की कणांमधलं सोनं ०.५ मिलिमोलर, म्हणजे आपल्या सोल्युशनला ०.६ च्या जवळ यायला हवा. ०.४ आला तर सोनं कुठेतरी गेलंय, बहुतेक काचेला चिकटलंय किंवा गोळा होऊन तळाशी बसलंय, आणि मग वरचा कागदावरचा हिशोबही बदलायला हवा.

क्लोराइडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा स्वतःचा जवळपास एक महिना यात गेलाय. सोनं लालभडक सुंदर बनायचं, चांदी घातली की सोल्युशन राखाडी आणि गढूळ. मी सिल्व्हर नायट्रेटमधून चांदी सोडवणारं ॲस्कॉर्बिक ॲसिड बदललं, सिल्व्हर नायट्रेटची नवी बाटली फोडली, पाणी बदललं, काही फरक नाही. मग एका संध्याकाळी वहीत साधा हिशोब मांडला. क्लोरोऑरिक ॲसिडच्या एका सोन्यामागे चार क्लोराइड असतात, म्हणजे ०.२५ मिलिमोलर सोन्याबरोबर १ मिलिमोलर क्लोराइड सोल्युशनमध्ये तसंच फिरत असतं. सिल्व्हर क्लोराइडचा सोल्युबिलिटी प्रॉडक्ट, म्हणजे पाण्यात विरघळून राहू शकणाऱ्या चांदी आणि क्लोराइडच्या प्रमाणांचा गुणाकार, १.८ गुणिले १० चा उणे १० वा घात. म्हणजे त्या पाण्यात मोकळी चांदी ०.१८ मायक्रोमोलरपेक्षा जास्त राहूच शकत नाही, आणि मी घालत होते २५० मायक्रोमोलर! चांदी कणांवर बसायच्या आधीच क्लोराइडबरोबर खाली बसत होती. त्यात भर म्हणजे फ्लास्क ॲक्वा रेजियाने, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणाने, धुतला होता आणि त्यातल्या हायड्रोक्लोरिकचे अंश नीट खळबळले नव्हते.

यावर सरळ उपाय म्हणजे सोन्याचे कण सेंट्रिफ्यूज करून धुवायचे. १५ नॅनोमीटरचे कण खाली बसायला १२००० जी च्या आसपास अर्धा तास तरी लागतो, वरचं पाणी हळूच काढा, तळाचा लाल थेंब कोरडा पडू देऊ नका, आणि १ मिलिमोलर सायट्रेटमध्ये परत मिसळा. दोनदा करा. धुतल्यावर परत ४०० चा ॲब्सॉर्बन्स घ्या कारण थोडं सोनं वाया जातंच. आणि पीक ५२० वरून ५३० कडे सरकलं असेल, मागे शेपूट वाढलं असेल तर कण चिकटलेत, ते टाकून नवीन घ्या, चांदी घालून ते सुधारत नाहीत. ॲक्वा रेजिया फ्युम हूडमध्येच, लागेल तेवढंच ताजं बनवायचं, आणि झाकण घट्ट लावून कधीही ठेवायचं नाही, बाटली फुटते.

कवच चढवताना घाई नको. धुतलेले कण १० मिली, रूम टेंपरेचरला मध्यम ढवळत ठेवा, त्यात आधी ॲस्कॉर्बिक ॲसिड. एक ॲस्कॉर्बिक दोन इलेक्ट्रॉन देतं आणि चांदीला एक लागतो, म्हणजे हिशोबाने निम्मे मोल पुरतात, पण मी चांदीच्या चार-पाच पट घेते. मग सिल्व्हर नायट्रेट २० मायक्रोलिटरच्या टप्प्याने, दोन टप्प्यांत एखादा मिनिट जाऊ द्या, सिरिंज पंप असेल तर उत्तमच. हळू का, तर चांदीला दोन पर्याय असतात, सोन्यावर बसणं किंवा पाण्यातच स्वतःचा वेगळा कण बनवणं. मोकळ्या चांदीचं प्रमाण कमी ठेवलं की ती सोन्यावरच बसते. म्हणूनच इथे सोडियम बोरोहायड्राइड वापरू नका, ते इतकं जोरदार आहे की चांदीचे वेगळे कण होतातच. ॲस्कॉर्बिकचा जोर पीएच वाढला की वाढतो, तेव्हा अल्कली घालायचा मोहही टाळा. रंग लालवरून केशरी, मग नारिंगी-पिवळा होत जातो, आणि टप्प्याटप्प्याने तो बदलताना बघणं हा या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, इतक्या वर्षांनीही.

कवच खरंच झालं का वेगळे कण झाले, हे कसं ओळखायचं? दर टप्प्याला स्पेक्ट्रम घ्या. नुसतं मिश्रण असेल तर सोन्याचं पीक ५२० लाच उभं राहतं आणि ४०० जवळ दुसरं टोकदार पीक येतं, म्हणजे दोन स्पेक्ट्रमची सरळ बेरीज. कवच असेल तर ५२० चं पीक निळ्या बाजूला सरकत सरकत पुसट होतं, ४०० पेक्षा कमी तरंगलांबीला आधी खांदा दिसतो आणि जाड कवचाला शेवटी ४०० जवळ एकच पीक उरतं. एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी जाळी मोजण्याच्या) मागे लागू नका, जाळीतला फरक ०.२ टक्केच असल्यामुळे सोन्याचे आणि चांदीचे पीक एकावर एक येतात आणि काहीच कळत नाही. टीईएमची (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) वेळ मिळाली तर डार्क फील्डची स्टेम इमेज मागा, सोन्याचा अणुक्रमांक ७९ आणि चांदीचा ४७, त्यामुळे गाभा उजळ आणि कवच फिकं दिसतं, डोळ्यांनी जाडी मोजता येते. आणि आयसीपीमधून (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रातून) आलेलं गुणोत्तर त्याच घनाच्या सूत्रात उलटं घाला, टीईएमच्या जाडीशी जुळलं की मग निर्धास्त पुढे जा.

आता कॅटॅलिसिस. पॅरा-नायट्रोफिनॉल आणि बोरोहायड्राइड ही रिॲक्शन सगळे करतात, आयआयटी खरगपूरमध्ये तारासंकर पाल यांच्या गटाने चांदीच्या कणांवर ती २००२ मध्ये दाखवली होती, आणि आज तर ती या क्षेत्रातली बाराखडी झाली आहे. क्युव्हेटमध्ये नायट्रोफिनॉल ०.१ मिलिमोलर, बोरोहायड्राइड त्याच्या १०० पट म्हणजे १० मिलिमोलर, बर्फाच्या पाण्यात ताजं विरघळवलेलं, अर्ध्या तासापेक्षा जुनं नको. नायट्रोफिनॉलचा ३१७ चा पीक बोरोहायड्राइडने ४०० ला जातो, कण घातले की ४०० चा पीक उतरतो आणि ३०० जवळ अमिनोफिनॉलचा वर येतो.

अडचण इथेच आहे. चांदीच्या कवचाचं स्वतःचं पीकही ४०० लाच! जाड कवच असेल तर रिॲक्शन संपली तरी ४०० ला ॲब्सॉर्बन्स शून्यावर येत नाही, आणि लोक समजतात की रिॲक्शन अर्धवट थांबली. शेवटचा ॲब्सॉर्बन्स प्रत्येक वाचनातून वजा करून मग लॉगचा आलेख काढा, नाहीतर शेवटी रेष वाकते आणि रेट कॉन्स्टंट (वेगाचा स्थिरांक) चुकतो. दुसरं, बोरोहायड्राइडमुळे क्युव्हेटच्या भिंतीला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि वाचन वर-खाली उडतं, मध्ये हलकेच टिचकी मारा. सुरुवातीचा थोडा वेळ काहीच होत नाहीये असं वाटतं, तो इंडक्शनचा काळ, तो आलेखात धरायचा नाही पण वहीत लिहायचा.

आणि क्षेत्रफळ! १५ चा कण १९ चा झाला की पृष्ठभाग १.६ पट होतो. कणांची संख्या तीच ठेवून तुम्हाला रेट १.६ पट मिळाला तर चांदीने काहीही जादू केलेली नाही, जागा वाढली म्हणून वेग वाढला एवढंच. रेट कॉन्स्टंट पृष्ठभागाने भागल्याशिवाय दोन जाड्यांची तुलना करू नका. त्याच्या जोडीला नुसतं सोनं, तेवढ्याच आकाराची नुसती चांदी, दोघांचं मिश्रण, आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर वर राहिलेलं पाणी, या चारही गोष्टींवर तीच रिॲक्शन करून बघा. वरच्या पाण्यानेच रिॲक्शन चालली तर कॅटॅलिस्ट कवच नाही, पाण्यात सुटलेली चांदी आहे. हे चार प्रयोग एका दिवसाचं काम आहे, ते केल्यावर जो फरक उरेल त्याला खुशाल दोन धातूंचा परिणाम म्हणा.

तो परिणाम कुठे शोधायचा तेही जाडीच सांगते. चांदीचा एक थर साधारण ०.२४ नॅनोमीटरचा, म्हणजे १ नॅनोमीटर कवचात चारच थर. खालच्या धातूचा इलेक्ट्रॉनिक प्रभाव दोन-तीन थरांपलीकडे फारसा पोचत नाही, त्यामुळे कॅटॅलिसिससाठी १ नॅनोमीटरच्या आत-बाहेर बारीक पायऱ्या घ्या, ५ नॅनोमीटरला वरच्या थराला खाली सोनं आहे हे कळतच नाही, तो साध्या चांदीसारखाच वागतो. काही वेळा तर कवच पूर्ण नसलेलंच बरं असतं. राइस युनिव्हर्सिटीत मायकल वाँग यांच्या गटाने सोन्यावर पॅलॅडियम चढवून पाण्यातलं ट्रायक्लोरोएथिलीन हे प्रदूषक मोडायचे कॅटॅलिस्ट केले, त्यात सोनं पूर्ण झाकलेले नाही तर अर्धवट झाकलेले कण सर्वात चांगले ठरले. पॅलॅडियम करून बघणार असाल तर लक्षात ठेवा, त्याची जाळी ३.८९ अँगस्ट्रॉमची, सोन्यावर बसताना ताणली जाते, आणि ताणलेल्या पॅलॅडियमला रेणू जास्त घट्ट चिकटतात. कधी ते फायद्याचं, कधी तोट्याचं, रिॲक्शनवर आहे. त्याचं मोलर व्हॉल्यूम ८.८६ आहे, तेव्हा वरच्या गुणोत्तराला १.१५ ने गुणा.

सेन्सिंगला विचार उलटा करायचा. हायड्रोजन पेरॉक्साइड किंचित आम्लधर्मी पाण्यात चांदी विरघळवतं, कवच उतरत जातं आणि रंग पिवळ्यावरून परत लालकडे येतो, ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम जोडलं की ग्लुकोजही मोजता येतं कारण त्यातून पेरॉक्साइडच निघतं. इथे २-३ नॅनोमीटर चांगलं, रंगातला फरक डोळ्यांना दिसतो. पातळ कवच म्हणजे कमी चांदी, म्हणजे कमी पेरॉक्साइडमध्येच रंग बदलणार, पण मोजायची रेंजही तेवढीच लहान. रेंज वाढवायची तर जाडी किंवा कणांचं प्रमाण वाढवा, कमी मोजायचं तर कण पातळ करा. रामन सिग्नल, म्हणजे रेणूंनी विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशातली त्यांची खूण, वाढवायला मात्र जाड कवच लागतं, ५ नॅनोमीटरच्या आसपास, कारण हिरव्या ५३२ च्या लेझरवर सोन्यापेक्षा चांदी खूप चांगली चालते.

पाऱ्याच्या सेन्सरचे दावे करताना मात्र सांभाळून. पाऱ्याचं पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याचा जोर, ०.८५ व्होल्ट, चांदीचं ०.८०, त्यामुळे पारा चांदीवर बसतो आणि पीक सरकतं, हे खरं. पण पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५ नॅनोमोलर. १ नॅनोमीटर कवचाचे कण दहापट पातळ केले तरी त्यात चांदी ११ मायक्रोमोलर असते, एका पाऱ्यामागे दोन हजारांवर चांदीचे अणू, मग नुसत्या डोळ्यांना दिसेल असा बदल कसा येणार? हा भागाकार करून बघा आणि मगच रंगीत फोटो टाका. त्यात त्याच मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ७ मिलिमोलर, आणि आपल्याकडच्या कितीतरी बोअरचं पाणी त्याच्याही पुढचं. डिस्टिल्ड पाण्यात सुरेख चाललेला सेन्सर बोअरच्या पाण्यात कण गोळा होऊन निळा पडतो, पारा असो वा नसो. म्हणून पहिल्याच आठवड्यात तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणा, कोरं वाचन किमान दहा वेळा घ्या, मग त्यात माहीत असलेला पारा मिसळून किती परत मिळतो ते बघा. पाऱ्याचं, चांदीचं आणि नायट्रोफिनॉलचं उरलेलं पाणी वेगवेगळ्या कॅनमध्ये, बेसिनमध्ये नाही.

उलटी जोडी, म्हणजे चांदीवर सोनं, करायची असेल तर हीच रेसिपी उलटी चालत नाही. सोन्याचं पोटेन्शियल १.०० व्होल्ट, ते चांदीलाच खातं, एक सोनं बसतं आणि तीन चांदी निघून जातात, आत पोकळी पडते. पोकळ कण हवे असतील तर उत्तम, नको असतील तर सोन्याला सल्फाइटने बांधून त्याचा जोर कमी करून मग घालावं लागतं. याच कारणाने दोन्ही क्षार एकत्र घातले की आधी सोनं बनतं आणि चांदी त्याच्यावर चढते. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) २००४ साली मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यात हेच केलं होतं, सोनं-चांदी एकत्र आणि बनलं सोन्याच्या गाभ्यावर चांदीचं कवच. फार देखणं काम आहे ते. फक्त पाल्याचा काढा दर ऋतूत वेगळा, म्हणून जाडी मोजून ठेवायची असेल तर मी ॲस्कॉर्बिकच घेते.

तयार कण तपकिरी बाटलीत, वर फॉइल गुंडाळून, ४ अंशाला ठेवा, बर्फ होऊ देऊ नका, गोठले की गोळा होतात आणि परत सुटत नाहीत. बाटलीवर नुसतं "एयू-एजी सॅम्पल ३" लिहू नका, गाभ्याचा व्यास, चांदीचं गुणोत्तर, तारीख आणि पहिल्या दिवशीचं पीक लिहा. पातळ कवच हवेतल्या ऑक्सिजननेही हळूहळू झिजतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही प्रयोगाआधी परत एक स्पेक्ट्रम घ्यायचा, आणि पीक ३-४ नॅनोमीटरने लाल बाजूला सरकलं असेल तर त्या दिवशी त्या बाटलीतून काहीही मोजायचं नाही, सकाळीच नवीन कवच चढवायला घ्यायचं.